नवऱ्याचं नाव न विचारणारी खिडकी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी मला हुशार-बिशार समजून बसायला नको. शाळेत गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी मी तीनदा तपासायची आणि चौथ्यांदा तपासताना खोडून चुकीचं लिहायची. बाबा म्हणायचे, "ही पोरगी चालता चालता मांगं पाहून राहते, म्हणून ठेचकाळते." अशा पोरीला गोंदियातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यानं संगणक विभागात घेतलं आणि दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात सांगितलं, की आपले तिन्ही दवाखाने एकमेकांशी बोलायला हवेत, ते तू बघ.

तीन दवाखाने म्हणजे गोंदियाचा मोठा, तिरोड्याचा मधला आणि केशोरीचा लहान. नोंदणीचं सॉफ्टवेअर एका माणसानं केलेलं, लॅबचं दुसऱ्यानं, आणि रक्तसाठ्याचं तर एका रजिस्टरावरून उतरवलेलं. एकाला दुसऱ्याचं काही कळायचं नाही. केशोरीला रक्त तपासलेली बाई गोंदियाला आली की पुन्हा सुई, पुन्हा तेच प्रश्न. ती बिचारी दंड पुढं करायची आणि म्हणायची, "कितीदा काढता बाप्पा?"

हे शिकवायला नागपूरहून एक सर यायचे, महिन्यातून दोनदा, रेल्वेनं. पन्नाशीचे, शांत, खडू बोटात फिरवत बोलणारे. सगळं मोडून एकच मोठं सॉफ्टवेअर करू नका, ते म्हणायचे. प्रत्येक विभागाला त्याचं काम करू द्या. फक्त प्रत्येकाला एक खिडकी ठेवा. खिडकीवर काय विचारायचं आणि काय उत्तर मिळेल हे आधी ठरवून, लिहून टाका. लॅबच्या आत काय चाललंय ते नोंदणीनं बघायचं नाही. चिठ्ठी द्यायची, उत्तर घ्यायचं. याला ते सेवा म्हणायचे, आणि सगळ्या संस्थेचा असा आराखडा करायला मी शिकायचं होतं.

पहिल्या दिवशी मात्र त्यांनी बोर्डावर जुन्या गावाचं चित्र काढलं. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार. प्रत्येकाची आपापली सेवा, कसं छान चालायचं म्हणे. माझं डोकं फिरलं. भित्र्या माणसाला राग आला की तो तोंडातून सरळ बाहेर पडतो, मध्ये अडवायला कुणी नसतं. मी म्हटलं, "सर, आमच्या आजोबाचंही लिहा. मेलेलं ढोर ओढणं, आणि कुणी मेलं की गावोगाव सांगावा नेणं. तीही सेवाच होती. खिडकी मात्र नव्हती, दुरूनच ओरडावं लागायचं."  सरांनी हातानंच बोर्ड पुसला. "चुकलं माझं," म्हणाले, आणि त्या दिवसापासून पोस्टाच्या खिडकीचं उदाहरण देऊ लागले. नोकरी गेली असं समजून मी त्या रात्री जेवले नाही. पण पुढल्या खेपेला त्यांनी सगळ्यात कठीण काम माझ्याच गळ्यात घातलं.

ते काम म्हणजे ओळखीची खिडकी. खिडकीशी आलेला पेशंट कोण, त्याचा जुना कागद, म्हणजे कम्प्युटरातली नोंद, कुठल्या दवाखान्यात आहे, हे शोधून बाकीच्या सगळ्यांना सांगायचं. लॅब तिलाच विचारणार, औषधं तिलाच विचारणार, रक्तसाठा तिलाच विचारणार. सर म्हणाले, "एक लक्षात ठेवा. बाकी कुठली सेवा चुकली तर ती एकटी चुकेल. ही चुकली तर सगळ्या मिळून चुकतील, आणि कुणालाच आपण चुकतोय असं वाटणार नाही." हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि वही उशाशी ठेवायला लागले. झोप कशी येणार?

चाचणी घ्यायला मी तिरोड्याच्या नोंदणीवर आठवडाभर बसले. तिथं पहिलाच घोळ झाला. बाईचं नाव विचारलं, आलं. आडनाव आलं, गाव आलं. नवऱ्याचं नाव विचारलं की गाडी थांबली. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कुणी पदर तोंडाला लावायची, कुणी सोबतच्या पोराला कोपरानं ढोसायची, "सांग ना रे, तुया बापाचं नाव." एकटी आलेली असली तर मागच्या बाईकडं पाहायची. मागची दुसऱ्या गावची, तिला काय ठाऊक? एक म्हातारी तर चिडली माझ्यावर: "कायले पायजे तुले त्याचं नाव? ताप मले आला, त्याले नाई." रांग पार फाटकापर्यंत गेली.

मग मी नवऱ्याचं नाव सक्तीचं ठेवलं नाही. असलं तर भरा, नसलं तर पुढं चला. नाव, आडनाव आणि गाव तंतोतंत जुळलं पाहिजे. वयात मात्र तीनेक वर्षांची सूट, कारण वय आमच्याकडं अंदाजानंच सांगतात. एकच कागद जुळला तर तो आपोआप उघडायचा. दोन जुळले तर यादी दाखवायची, एकही नाही तर नवा करायचा. सर म्हणाले, "नवऱ्याचं नाव काढताय, विचार केलात ना?" मी म्हटलं, केला. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटत होता. नागपूरच्या माणसाला जे कळलं नसतं ते मला कळलं होतं. आपल्या बायकांना समजून घेणारी खिडकी मी केली होती ना.

पावसाळ्याच्या तोंडावर ते सुरू झालं आणि चाललं. चांगलं चाललं, हेच मला सहन होईना. रोज सकाळी ऑफिसात शिरले की आधी काही बिघडलंय का ते शोधायची. प्रत्येक सेवेनं दुसरीला काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, याची नोंद एका फोल्डरमध्ये जमा व्हायची. मी ती वाचत बसायची. ती नोंद इतकी वाढली की मशीन भरत आलं, म्हणून महिना संपला की ती आपोआप पुसली जाईल अशी सोय मी करून टाकली. सरांनी सांगितलं होतं, नोंद ठेवा, कुठंतरी उतरवून ठेवा. उतरवायला वेगळी डिस्क मागावी लागली असती. मागायला मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जावं लागलं असतं, आणि त्यांच्यासमोर माझी बोबडी वळायची. पुसणं सोपं होतं.

आता माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगते. आम्ही तिरोड्याचे, आणि ती वर्षभरापूर्वी केशोरीच्या एका घरात दिली होती. लग्न लागलं, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि निघायच्या वेळी सासूनं सांगितलं की पोरीचं नाव बदलावं लागेल. काऊन? तर तिच्या थोरल्या जावेचं नाव अगदी तेच होतं. एका घरात त्याच नावाच्या दोन सुना, हाक मारली की दोघी धावतील. धाकटीचंच बदलायचं, हे उघडच होतं. मी मांडवातच भांडले. बावीस वर्षं जे नाव लावलं ते काय चप्पल आहे, दाराशी काढून ठेवायला? आईनं माझा हात दाबला. "तू बिनलग्नाची, तुले काय समजते? चूप राय." बहीण मात्र हसत होती. म्हणाली, "राहू दे ताई, दोन नावं म्हणजे दोन पोरी झाल्या तुला." ती कधीच भ्यायची नाही. सगळी भीती मीच घेऊन आले होते घरात, तिच्यासाठी उरलीच नव्हती.

सासरी दिवस गेल्यावर केशोरीच्या दवाखान्यात तिचं नाव नोंदवलं गेलं. नवऱ्यानंच नोंदवलं, सासरच्या नव्या नावानं, स्वतःच्या नावासकट. रक्त तपासलं तेव्हा तिनं मला फोन केला. "ताई, माझं रक्त ओ निगेटिव्ह निघालं. निगेटिव्ह म्हणजे खराब का?" मी तिला समजावलं, खराब नाही, कमी लोकांचं असतं एवढंच. ती म्हणाली, आईला सांगू नको, उगाच जीव टांगून घेईल. मी सांगितलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा संपता संपता बाबा तिला घेऊन आले. तिरोड्याला पोचल्यावर तिचा फोन आला, की दवाखान्याची फाइल सासरी फळीवरच राहिली, परत पाठवू का कुणाला? मी म्हटलं, "कायले? कम्प्युटरमध्ये आहे सगळं. कुठूनही दिसते आता." हे वाक्य मी जसंच्या तसं बोलले. 

पावसाळा सरत आला होता, धान पोटरीत आलं होतं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आईचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या आणि ते दवाखान्यात पोचले होते. आईचा आवाज घाबरलेला, पण त्यात कौतुकही होतं. "तुया कम्प्युटरनं मोठी सोय केली वो. मी पोरीचं नाव सांगतलं, सासरचं आडनाव आन् गाव सांगतलं, तर पटकन तिचा जुना कागद निंगाला. नवऱ्याचं नावबी नाई इचारलं." मीही खूश झाले. बाजूच्या टेबलावरच्या मुलीला सांगितलं, माझी बहीण माझ्याच खिडकीवरून गेली. चहा मागवला.

चहा अर्धा झाला तेव्हा ते वाक्य परत कानात आलं. पोरीचं नाव सांगतलं. आईनं कुठलं नाव सांगितलं असेल? माहेरी कुणीच तिला सासरच्या नावानं हाक मारत नाही. आईला ते नाव नीट आठवतही नसेल. मग माहेरच्या नावाचा, त्या आडनावाचा, केशोरीचा जुना कागद निघालाच कसा?

मी नोंदींचं फोल्डर उघडलं.  ओळ सापडली. तिरोड्यानं विचारलं: हे नाव, हे आडनाव, गाव केशोरी, वय तेवीस. ओळखीच्या खिडकीनं उत्तर दिलं: एकच कागद जुळला. वय पंचवीस. नवऱ्याचं नाव होतं माझ्या बहिणीच्या थोरल्या दिराचं. तो कागद जावेचा होता. कुठल्याशा शिबिरात तिनं रक्त तपासून घेतलं होतं, तेवढीच नोंद त्यावर होती. पुढच्या ओळीत रक्तसाठ्यानं लॅबला रक्तगट विचारला होता. लॅबनं सांगितलं होतं, बी पॉझिटिव्ह. त्याच्या पुढच्या ओळीत, हिच्या अंगात रक्त कमी दिसतं म्हणून डॉक्टरांनी आधीच दोन पिशव्या राखून ठेवायला सांगितल्या होत्या. बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या, माझ्या बहिणीसाठी. सगळं हिरव्या अक्षरांत. एकही चूक नाही.

सर म्हणाले होते, कुणालाच आपण चुकतोय असं वाटणार नाही. तसंच झालं होतं.  आईच्या फोनवर रिंग जायची, कुणी उचलायचं नाही. दवाखान्याची लाइन लागत नव्हती. मनात एकच चित्र: टांगलेली लाल पिशवी आणि तिच्या नळीतून थेंब थेंब उतरणारं रक्त. मी रडले नाही. रडायचं सुचत नव्हतं.

पाचव्या-सहाव्या खेपेला तिरोड्याच्या रक्तसाठ्याच्या खोलीतला फोन लागला. तिथले तंत्रज्ञ काका साठीला टेकलेले, घरची शेती करून नोकरी करणारे. कम्प्युटरवर त्यांनी रुमाल टाकून ठेवलेला असायचा आणि त्यावरून माझं त्यांच्याशी दोनदा वाजलं होतं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बरं झालं फोन केला बाई. तुमचा कम्प्युटर म्हणते बी पॉझिटिव्ह. मी पोरीचं रक्त नळीत घेऊन पाहून राहिलो, तर काही जमून नाई राहिलं. कोण खोटं बोलून राहिलं?"

"कम्प्युटर," मी म्हटलं. "काका, ओ निगेटिव्ह आहे ती. माझी बहीण आहे."

पलीकडं त्यांनी फ्रीजचं दार उघडलेलं ऐकू आलं. मग म्हणाले, "माझ्यापाशी ओ निगेटिव्हची एकबी पिशवी नाई. तुमच्याकडं पाहा. लवकर पाहा."

गोंदियाच्या साठ्यात दोन होत्या. सही कुणाची घ्यायची, परवानगी कुणाची, मला काही ठाऊक नव्हतं. ज्या मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर मी चपला काढून उभी राहायची, तिथं दार न वाजवता शिरले आणि सगळं सांगितलं. माझी चूक आहे, हेही सांगितलं. त्यांनी लगेच फोन उचलला. दहा मिनिटांत बर्फाची पेटी माझ्या मांडीवर होती आणि ट्रस्टची जीप तिरोड्याच्या रस्त्याला लागली होती.

तो रस्ता मी हजारदा गेलेली. त्या दिवशी तो संपेचना. दोन्ही बाजूंना हिरवंगार धान, शेतांच्या बांध्यांत पाणी, आणि मी पेटी छातीशी धरून मनातल्या मनात बहिणीशी भांडत होते. का बदललंस नाव, का हसलीस मांडवात, फाइल का विसरलीस. मग रेल्वेचं फाटक लागलं, बंद. ड्रायव्हर गोंदियाचा, त्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "मॅडम, फाटक खुलेगा तभी ना जाएँगे." मालगाडी सावकाश येत होती. मी डबे मोजायला लागले आणि मध्येच थांबले. मोजणं पुरं झालं तर बहीण जाईल, असं काहीतरी डोक्यात शिरलं होतं. भीती माणसाला अशी अडाणी करते.

पोचले तेव्हा बाळ झालं होतं. मुलगी. आणि बहिणीचं रक्त थांबत नव्हतं. काका दारातच उभे होते. त्यांनी पेटी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावली. पुढचा अर्धा तास बाकावर आई माझ्या शेजारी बसून होती. तिला वाटत होतं मी धीर द्यायला आले. "तुया कम्प्युटर होता म्हणून बरं झालं," असं ती दोनदा म्हणाली.  माझ्या हातात बहिणीची चप्पल होती, ती मी कधी उचलली, ठाऊक नाही.

बहीण वाचली. संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा ओठ कागदासारखे पांढरे. मी तिला सगळं सांगितलं, कारण लपवून ठेवलं असतं तर माझाच जीव गेला असता.  ती म्हणाली, "म्हणजे जाऊबाईचं रक्त देणार होते मला." मग, "नाव तर घेतलंच होतं तिनं." आणि तोंड फिरवून झोपली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच हरवलेलं पाहिलं.

आठवड्याच्या आत मी खिडकी बदलली. आपोआप कागद उघडणं बंद केलं. बाईला माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही विचारायचं, आणि नवऱ्याचं नाव घेत नसेल तर पाटीवर लिहून किंवा सोबतच्या माणसाला विचारून घ्यायचंच. रांग लांबली तर लांबू दे. सरांना कळवलं तेव्हा मी ओरडा खायच्या तयारीनं उभी होते. ते म्हणाले, "विचार केलात ना, एवढंच विचारून मी गप्प बसलो. माझीही चूक आहे." मग त्यांनी विचारलं, "आधीच्या नोंदी तपासल्या का? असं आणखी कुणाचं झालंय का?"

मी फोल्डर उघडलं. चालू महिना होता. मागचे महिने रिकामे. पुसून टाक, असा हुकूम तिथं होता, माझ्याच हातानं लिहिलेला. कागदांवरून काही कळत नव्हतं, कारण चुकीच्या बाईच्या कागदावर बरोबर बाईची नोंद चढली की ती तिचीच दिसते.

मी काकांकडं गेले. या पावसाळ्यात असं आणखी कधी झालं होतं का, विचारलं. त्यांनी रुमाल झटकला. "नळीत नाई जमलं असं एकदोनदा झालं. मी परत पाठवलं, बरोबर गट पाहून दिला. लिहून कुठं ठेवतो?" मग जरा विचार करून म्हणाले, "आन् धानाच्या रोवणीले मी पंधरा दिवस सुट्टीवर होतो. तवा जो होता, तो नळी पाहे का तुमचा कागद पाहे, मले नाई माहीत."

तो माणूस कंत्राटावर आलेला आणि परत गेलेला. त्याचा पत्ता मी शोधला, दोन महिने शोधला, मिळाला नाही. खरं सांगायचं तर मिळाला नाही तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

पुढं मी बरंच शिकले. मोठमोठ्या संस्थांचे आराखडे केले, लोक मला मॅडम म्हणून बोलवायला लागले. बहिणीची मुलगी शाळेत जायला लागली. तिच्या आईला आता केशोरीतही माहेरच्या नावानंच हाक मारतात. जावेनंच तसं सांगितलं घरात. मी सुट्टीत तिरोड्याला जाते. बाजाराच्या दिवशी एखादी म्हातारी बहिणीच्या मुलीएवढ्या नातवंडाला घेऊन भाजी निवडताना दिसली, आणि पोराची आई आसपास कुठं दिसली नाही, की माझी पावलं थांबतात. मी उगाच तिच्या शेजारी उभी राहून वांगी चाचपते आणि विचारते, गाव कोणतं, पोरगं किती वर्षांचं. म्हातारी सांगते. मी मनात त्या रोवणीपर्यंत महिने मोजते. पोराच्या आईचं मात्र विचारायला अजून जीभ उचलली नाही.